राखाडी चौकोन

तो हयात असल्याची दुरुस्ती आली तेव्हा माझ्या हातात कुणातरी आजोबांच्या खालच्या हिरड्या होत्या. गुलाबी मेणाच्या. मेण गरम होतं, त्यात दात एकेक करून बसवायचे होते, आणि टेबलावर फोन थरथरला. मी एरवी काम करताना फोनकडे ढुंकून बघत नाही, कारण मेण कुणासाठी थांबत नाही. पण चाळिशी लागल्यापासून लेकीने अक्षरं एवढी मोठी करून दिलीत की वाचायचं नाही म्हटलं तरी डोळे वाचतातच. ‘तुमच्या कुटुंबवृक्षातील एका व्यक्तीबद्दल दुरुस्ती सुचवण्यात आली आहे. सध्याची नोंद : मृत. सुचवलेली दुरुस्ती : हयात.’ आणि खाली त्याचं नाव. आख्खं, वडिलांच्या नावासकट. लेकीच्या जन्मदाखल्यावर सोडलं तर पंधरा-सोळा वर्षांत ते नाव मी डोळ्यांसमोर येऊ दिलं नव्हतं. तोंडातून तर नाहीच. मेण हातात थिजलं. माझ्या बोटांचे ठसे उमटले त्या हिरड्यांवर, आणि ते ठसे बघत मी उभी राहिले, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचे होते.

समोरच्या टेबलावर गवंडी प्लास्टर कालवत होते. आमच्या लॅबमध्ये जबड्यांचे साचे ओतायचं काम त्यांचं, म्हणून गवंडी. खरं नाव पगाराच्या दिवसाशिवाय कुणी घेत नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “काय हो बाई, एकदम पांढऱ्याफटक पडलात? माझं प्लास्टर बरं तुमच्यापेक्षा. कुणी गेलं का?”

“नाही हो,” मी म्हटलं, “कुणी गेलेलं नाही.”

केवढं खरं बोलले मी, आणि ते बोलताना दात वाजत होते माझे. एक माझा नसलेला आणि बाकीचे माझे.

हे झाड लावलं खारूने. खारू म्हणजे माझी लेक. लहानपणी काहीबाही गोळा करून उशीखाली दडवायची, बाटल्यांची बुचं, बसची तिकिटं, तुटकी बटणं. म्हणून खारूताई, तिची पुढे खारू झाली. आता खार म्हटल्यावर ती झाडावर चढणारच, तिला काय बोल लावायचा. गेल्या रविवारी ती जमिनीवर फतकल मारून लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मी मटार सोलत होते. आजीचं माहेरचं आडनाव काय, मोठा मामा कुठल्या साली जन्मला, असं तिचं चाललं होतं. मग म्हणाली, “आई, तुझा चौकोन नुसता राखाडी दिसणार बघ. हयात, खासगी. बस. जिवंत माणसांची नावं झाकून ठेवतात ते.” मी विचारलं, आणि गेलेल्यांची? “त्यांना आता काय लपवायचंय? त्यांची उघडी. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या झाडात तेच नाव असेल तर आपोआप जुळतं. बाबांच्या बाजूचं कुणी सापडलं तर, आई? एखादी आत्या? आपल्याला कुणीच कसं नाही गं?” मी हं म्हटलं. माझं सगळं लक्ष एका किडक्या शेंगेकडे होतं. एवढी ताक फुंकून पिणारी बाई मी, आणि ऐन वेळी हं म्हणाले. दाराला कडी, वर साखळी, पाटीवर आडनाव नाही, घर बदलताना शेजाऱ्यांना खोटं गाव सांगायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं पोरीला पाठीवर घेऊन हिंडले. आणि घात कुणी केला? तर मीच सांगून ठेवलेल्या त्याच्या मरणाने. तो जिवंत आहे, वाईट आहे, नाव काढू नकोस, एवढं मी खारूला सांगितलं असतं तर त्याचाही चौकोन राखाडी झाला असता. झाकली मूठ झाकलीच राहिली असती. मी त्याला मेलेला केला, म्हणून तो उघडा पडला, आणि त्याला धरून कुणीतरी आमच्या दारापर्यंत आलं.

मला त्याचा पश्चात्ताप होत नाही, हे आधीच सांगते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन. आणि मी त्याला मरण काही वाईट दिलं नव्हतं. साधा ताप. उशाशी माणसं, थंड पाण्याच्या घड्या, शांतपणे मिटलेले डोळे. त्याची एवढी लायकी नव्हती. ते मला सुचलं खारू सहा वर्षांची असताना, तिला न्हाऊ घालताना. बादली भरत होती आणि ती एकदम म्हणाली, “बाबा म्हणजे हाच आवाज ना?” मी म्हटलं, कसला आवाज? तर धारेकडे बोट. बाबा म्हटलं की तिला पाण्याचा आवाज आठवतो, दुसरं काहीच नाही. तोंड नाही, हात नाहीत, फक्त पाणी. मला माहीत होतं तो आवाज कुठला. पण ते सहा वर्षांच्या, साबणाने डोळे मिटून बसलेल्या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा तोंडात आलं ते बोलले, “हो, पोहायचे ना ते. खूप छान पोहायचे.” आता कुठेत? वारले. कसे? ताप आला. मग दरवर्षी त्यात थोडी साखर पडत गेली. ते तळाशी जाऊन नाणं काढून आणायचे. ते तुला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरायचे. तारीख तिने पुढे कधीतरी विचारली, तेव्हा आम्ही ते घर सोडलं ती तारीख दिली. तेवढं तरी खरं असावं म्हणून. आणि पोरगी पोहायला लागली. आज ती लहान मुलांना पोहायला शिकवते, बाबांकडून आलंय म्हणते, आणि शिकवत असते तेव्हा तिचा फोन कपाटात कुलूपबंद असतो. म्हणजे संध्याकाळपर्यंत ही दुरुस्ती फक्त मी पाहिलेली. संध्याकाळी ती फोन उघडणार आणि तिचा बाप जिवंत होणार.

मी हिरड्या तशाच टाकल्या, डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. गवंडी म्हणाले, “जा, जा. आजोबांना काय, आणखी एक दिवस पेज पितील.” त्यांचं बोलणं ऐकून मी हसले. आपलं शरीर किती नालायक असतं, एवढं भ्यालेलं असतानाही हसतं. बाहेर लख्ख ऊन. रस्ता रोजचाच, झेरॉक्सचं दुकान, औषधाचं दुकान, सिग्नलला उभी माणसं. मी माणसांच्या तोंडाकडे बघत नाही, जबड्यांकडे बघते, ते कामामुळे. त्याचा खालचा जबडा किंचित पुढे होता. पंधरा-सोळा वर्षांत केस गेले असतील, पोट सुटलं असेल, दाढी ठेवली असेल. कुठल्या चेहऱ्याला भ्यायचं हेच मला माहीत नव्हतं, म्हणून जबडा शोधत चालले. औषधाच्या दुकानात एकाचा होता तसा. तो सुटे पैसे मोजत होता, मान वर करेना, आणि मी फुटपाथवर थिजले. मागून कुणीतरी म्हणालं, “ओ ताई, चला की.” त्या माणसाने मान वर केली. तिशीतला कुणीतरी पोरगा होता बिचारा, गालफुगीची गोळी घ्यायला आलेला. मला त्याचा राग आला. काय म्हणून त्याने तसला जबडा घेऊन फिरावं?

चालता चालता पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसला फोन लावला. बाई म्हणाली, “त्या पाण्यात आहेत. काही निरोप?” काय निरोप देणार? एकटी येऊ नकोस? मागे वळून बघत ये? तसं म्हटलं तर का ते सांगावं लागेल. “काही नाही,” म्हटलं, “येताना भाजी आण म्हणावं.” आणि फोन ठेवल्यावर आठवलं, चौकोन राखाडी असला तरी झाड लावणारी म्हणून खारूने अगदी वर, सगळ्यांना दिसेल असा स्वतःचा फोटो लावलाय. तलावाच्या काठावर, ओले केस, हसतेय, आणि मागे भिंतभर मोठ्या अक्षरांत तलावाचं नाव. मी म्हटलंही होतं, छान आलाय फोटो.

घरात शिरले, दार लोटून घेतलं, साखळी लावली, आणि हातातल्या किल्ल्या दाराजवळच्या स्टीलच्या ताटलीत आपटल्या. ही आमच्या घरची पद्धत. आत येणाऱ्याने किल्ल्या ताटलीत आपटायच्या, खणखणीत आवाज झाला पाहिजे. खारूला वाटतं आईचं एक खूळ आहे. मैत्रिणींना सांगते, “आमच्याकडे कॉलबेल बाहेर नसते, आत असते.” एकदा ती दबक्या पावलांनी आली, माझे डोळे मागून झाकायला, गंमत म्हणून, तर मी तिच्या हाताला चावले. रक्त आलं. ती रडली, मी रडले, आणि तेव्हापासून ती न चुकता आपटते. कारण विचारलं नाही तिने. मी सांगितलंही नाही.

कारण असं की तो घरी आला की किल्ल्या टेबलावर फेकायचा. खण्ण. तो आवाज आला की आजचा दिवस निभावला, पोटात दोन घास जाणार. आणि काही दिवशी तो आवाज यायचाच नाही. दार उघडल्याचं कळायचं, बूट काढल्याचं कळायचं, आणि मग काहीच नाही. एकेक किल्ली बोटांत धरून, एकमेकींवर वाजू न देता, तो ती जुडी टेबलावर अलगद ठेवायचा. झोपलेलं मूल ठेवतात तशी. ती शांतता आली की समजायचं. पुढचं मी सांगत बसत नाही. माझा पुढचा एक दात माझा नाही, तो बसवून घ्यायला म्हणून मी ह्या शहरात पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरकडे गेले, आणि ‘हात चांगला दिसतोय तुमचा, काम करता का’ म्हणून त्यांच्या लॅबमध्ये लागले. पुढे तो दात मीच नवा घडवला. एवढं पुरे. पण एक मला नेहमी वाटतं, की किल्ल्यांचं हे त्याला स्वतःला ठाऊक नसणार. तो काही ठरवून तसं करायचा नाही. मारणाऱ्याला आपल्या हाताचा आवाज कुठे ऐकू येतो? तो ऐकायचं काम दुसऱ्यांचं.

खिडक्या लावून घेतल्या. पलंगाखाली वाकून पाहिलं, मग स्वतःचीच लाज वाटली, मग न्हाणीघरात जाऊन बादलीमागेही पाहिलं. भीतीला अक्कल नसते. खुर्ची ओढून भिंतीला पाठ लावून बसले आणि ते ॲप उघडलं. झाड पुसून टाकायचं बटण शोधलं. सापडेना; झाड खारूच्या नावावर, मला फक्त बघायची परवानगी. फांदीवर माझा राखाडी चौकोन, खारूचा राखाडी चौकोन, आणि मध्ये तो, उघडा, नाव-गाव-मृत्यूसकट. त्याच्या शेजारी आता एक नवी रेघ निघाली होती, आणि रेघेच्या टोकाला आणखी एक राखाडी चौकोन. हयात, खासगी. दुरुस्ती सुचवणारं माणूस. त्या चौकोनाकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. दाराच्या फटीतून डोळा दिसावा तसं वाटत होतं. मग तो चौकोन बोलला.

‘नमस्कार. तुम्ही कोण?’

नमस्कार! बाहेरच्यांशी तो नेहमीच फार अदबीने वागायचा. शेजारी म्हणायचे, नशीब काढलंस हो. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला. मी फोन पालथा घातला. तो टेबलावर पुन्हा थरथरला. पुन्हा.

‘तुमच्याकडे ते वारलेत असं लिहिलंय. तारीखपण आहे. ही माहिती तुम्हाला कुठून मिळाली?’

‘प्लीज सांगा. मी कुणाला सांगणार नाही.’

‘मला शाळेत वंशावळ करायला दिलीय म्हणून मी बघत होते.’

शाळेत! हुशार तर तो होताच. पोराच्या नावाने दार वाजवायचं, आतल्या बाईने माया करून कडी काढायची. हे त्याच्या डोक्यातून येऊ शकतं. ‘प्लीज’ मात्र त्याचं नाही, असं मनात आलं. आणि लगेच मनात आलं, पंधरा-सोळा वर्षांत माणूस ‘प्लीज’ शिकू शकतो, त्याला काय लागतं. पण मग एक खरंच शाळेत जाणारी पोरगी मनात आली. कुठलीतरी, वेण्या घातलेली, जबडा किंचित पुढे असलेली. ती आली आणि जाईना. ती असेल तर ती त्याच टेबलाशी बसली असेल. माझ्याच टेबलाशी. हे मनात आल्यावर बसवेना. उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. गप्प राहिले तर कदाचित चौकोन कंटाळून निघून जाईल. उत्तर दिलं तर हात दाखवून अवलक्षण. मी आहे हे त्याला कळणार, आणि फोटोतल्या भिंतीवर पत्ता आहेच. खारू तलावातून एकटी बाहेर पडणार आहे, भाजीची पिशवी घेऊन. माझं एकच माणूस आहे ह्या जगात, आणि ते ओल्या केसांनी रस्त्यावरून येणार आहे. असं असताना कुणा चौकोनाची दया करायची मला काय पडलीय? काही पडलेली नाही. हे मी मोठ्याने म्हटलं, रिकाम्या खोलीत. आणि मग एकाच बोटाने लिहिलं,

‘ते घरी आले की किल्ल्या कशा ठेवतात?’

पाठवलं. तीन ठिपके हलायला लागले. थांबले. पुन्हा हलले. तो असेल तर काय लिहील? टेबलावर. खिळ्याला. ‘हा काय प्रश्न आहे?’ असं लिहील. मी पदराने फोन पुसला, पुसण्यासारखं काही नसताना. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. मग आलं.

‘आपटल्या तर काही नाही. मी टीव्ही चालू ठेवते.’

‘आवाज नाही आला तर आई मला बाथरूममध्ये पाठवते. नळ सोडून बस म्हणते. मोठा. बाहेरचं ऐकू येऊ नये म्हणून.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

आणि मी वाचत असतानाच खाली, ‘तुमच्याकडे ते कसे मेले? आम्हालापण सांगा ना.’

मी तोंडावर हात दाबला. नळ. तोच नळ असेल, पितळी, डावीकडे फिरणारा, शेवटच्या आट्याला कुरकुरणारा. मी खारूला आत बसवायचे, बादलीशेजारी पाट टाकून, आणि तो नळ पूर्ण सोडायचे, आणि बाहेरून कडी लावून मागे वळायचे. माझ्या पोरीला बाप म्हणून जो आवाज आठवतो तो हा. आणि मी निघून आल्यावर तो नळ बंद झाला असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आपण सुटलो म्हणजे ते सगळं संपलं, असं कुठलं गाढव मानतं? मी मानलं होतं. मला त्या पोरीचं वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि त्याबरोबरच हेही वाटलं की बरं झालं, तो नाही हा. दोन्ही एकदम वाटलं. काय करू?

‘आई कुठे आहे?’ मी लिहिलं.

‘कामाला.’

‘आणि ते?’

‘बाहेरच्या खोलीत झोपलेत.’

दोन भिंतींपलीकडे तो घोरत होता आणि ती पोरगी अंगठ्याने माझ्याशी बोलत होती. मी पटकन लिहिलं, पुढे काय होईल त्याचा विचार न करता लिहिलं, कारण विचार केला असता तर लिहिलं नसतं. माझा नंबर. पंधरा-सोळा वर्षं जो मी दुधवाल्यालाही देताना दोनदा विचार केला. ‘हा पाठ कर. कागदावर उतरवू नकोस. आईला तोंडी सांग. म्हणावं, ह्या बाईचे तिथे किल्ल्यांचे आवाज ऐकून झालेत. आणि हे सगळं पुसून टाक. आत्ता.’

‘पाठ झाला.’

‘पुसलंस?’

उत्तर नाही. तीन ठिपकेही नाहीत. नुसता राखाडी चौकोन. पुसलं म्हणून गप्प आहे, की कुणी उठलं म्हणून? मी फोन हातात धरून बसले आणि ऐकत राहिले, कुठल्या कुठे असलेल्या एका घरातलं ऐकू येईल अशा आशेने. खिडकीबाहेर ऊन उतरलं. फ्रीज घुरघुरला, थांबला. मग जिन्यात पावलं. आमच्या दाराशी थांबली. कुलपात किल्ली फिरली, दार ढकललं गेलं, साखळीला अडकलं, आणि पलीकडे काहीच आवाज झाला नाही. मी जागची उठले नाही.

“आई? अगं साखळी काय लावलीस? काढ ना, भाजीने हात मोडलाय माझा.”

मी साखळी काढली. खारू आत आली, केस ओले, अंगाला तलावाच्या औषधाचा वास, आणि तिने किल्ल्या उचलून ताटलीत जोरात आपटल्या. खण्ण. मला रडू फुटलं. ती घाबरली. पिशवी खाली टाकून म्हणाली, “काय झालं? आई? कुणी गेलं का?” तिचा फोन तिच्या खिशातच थरथरायला लागला, तो आता घरचं वायफाय मिळाल्यावर जागा झाला होता, आणि दिवसभराचं सगळं एकदम सांगत होता. तिचा हात खिशाकडे गेला. मी तो धरला, ज्याला मी एकदा चावले होते तोच, आणि तिला माझ्या खुर्चीत बसवलं.

“खारू,” मी म्हटलं, “तुझ्या बाबांना पोहता येत नाही.”